विस्तार केव्हा होतो : इंटरप्रिटर, कंपायलर आणि मॅक्रोंतील दोषशोध

प्रस्तावना

एकच प्रोग्रॅम त्याच संगणकावर, तीच माहिती देऊन दोन पद्धतींनी चालवला आणि त्याने दोन निराळी उत्तरे दिली, तर पहिला संशय कंपायलरवर जातो. आणि मॅक्रोंच्या बाबतीत हा संशय बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. इंटरप्रिटर म्हणजे प्रोग्रॅममधील एकेक विधान वाचून ते तेव्हाच अमलात आणणारी यंत्रणा, तर कंपायलर म्हणजे सगळा मजकूर आधी वाचून, त्याला यंत्राच्या जवळचे रूप देऊन ठेवणारी आणि प्रत्यक्ष अंमल पुढच्या वेळेवर सोपवणारी यंत्रणा. प्रोग्रॅमचा एक तुकडा घेऊन त्याच्या जागी दुसरा तुकडा बसवणाऱ्या नियमाला मॅक्रो म्हणतात आणि या अदलाबदलीला विस्तार म्हणतात. (एक्सेलसारख्या प्रणालीत नोंदवून ठेवलेल्या कृतींच्या मालिकेलाही मॅक्रो म्हणण्याची पद्धत आहे, तिचा येथे संबंध नाही.) लिस्प आणि तिच्या कुळातील भाषांमध्ये हा नियम स्वतःच एक पुरा प्रोग्रॅम असतो, तो आकडेमोड करतो, फाइल वाचू शकतो, चलांच्या किमती पाहू आणि बदलू शकतो. म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या आधी, निराळ्या वेळी चालणारा दुसरा प्रोग्रॅम त्याच मजकुरात मिसळलेला असतो, आणि तो नेमका केव्हा चालतो या प्रश्नाला इंटरप्रिटर एक उत्तर देतो व कंपायलर दुसरे. पुढील विवेचनाचा विषय हा काळभेद आणि त्यातून उपजणारे दोष हा आहे.

महाराष्ट्रातील संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची मॅक्रोशी पहिली ओळख बहुधा सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग या विषयात होते. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या धनंजय ढमढेरे यांच्या या विषयावरील पाठ्यपुस्तकाने असेंब्लर, मॅक्रो, कंपायलर आणि इंटरप्रिटर यांची मांडणी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना शिकवली, आणि पुणे विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांत दोन फेऱ्यांचा मॅक्रो प्रोसेसर लिहून घेण्याची पद्धत रूढ आहे. पहिल्या फेरीत मॅक्रोंच्या नावांचा तक्ता आणि त्यांच्या व्याख्यांचा तक्ता तयार करायचा, दुसऱ्या फेरीत मजकुरातील प्रत्येक उल्लेखाच्या जागी व्याख्या उतरवायची, असा तो अभ्यास असतो. तो चांगलाच आहे, कारण विस्तार ही अंमलाच्या आधीची स्वतंत्र पायरी असते हे त्यातून हाताला कळते. परंतु असेंब्लीतील मॅक्रो हा बव्हंशी मजकुराची उतरण असतो, आणि तिथे प्रोग्रॅम चालू लागण्यापूर्वी सगळा विस्तार संपलेलाच असतो. दुसरी शक्यताच नसल्यामुळे ‘केव्हा’ हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर कधी उभाच राहत नाही. सी भाषेतही स्थिती साधारण हीच आहे. पुढे तोच विद्यार्थी लिस्पकडे, स्कीमकडे किंवा इमॅक्स या संपादकाच्या अंतर्गत भाषेकडे वळतो, तेव्हा मॅक्रो हा शब्द ओळखीचा असल्यामुळे त्याची वेळही ओळखीची आहे असे तो गृहीत धरतो.

या भेदाचा इतिहास लिस्पइतकाच जुना आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत या भाषेचे काम सुरू केले आणि १९६० साली तिचे सैद्धांतिक विवेचन प्रसिद्ध केले. त्यातील मूल्यमापन करणारे फलन स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी हाताने उतरवले आणि त्यातून पहिला इंटरप्रिटर मिळाला. १९६२ साली टिमोथी हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पमध्येच लिहिलेला कंपायलर तयार केला, आणि त्याच हार्ट यांनी १९६३ साली लिस्पमध्ये मॅक्रो आणण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे मॅक्रो भाषेत आले तेव्हा दोन्ही यंत्रणा आधीच उभ्या होत्या, आणि त्यांचे आपसात पुरते जुळतही नव्हते. इंटरप्रिटर चलांची नावे आणि त्यांच्या किमती एका यादीत ठेवी, त्यामुळे एका फलनात बांधलेली किंमत त्याने बोलावलेल्या दुसऱ्या फलनाला सहज दिसे. कंपायलर मात्र वेगासाठी फलनाची स्वतःची चले स्टॅकवर ठेवी आणि तिथे नावे उरत नसत. एखादे चल दुसऱ्या फलनाला दिसावे अशी इच्छा असेल तर ते ‘स्पेशल’ किंवा ‘कॉमन’ असल्याचे कंपायलरला आधी सांगावे लागे. हे सांगायचे राहिले की प्रोग्रॅम इंटरप्रिटरमध्ये बरोबर आणि कंपाइल केल्यावर चूक अशी अवस्था होई. १९८४ साली गाय स्टील यांच्या ग्रंथाने आणि १९९४ साली अमेरिकी प्रमाणकाने निश्चित झालेल्या कॉमन लिस्पने दोन्ही यंत्रणांनी चलांची व्याप्ती एकाच पद्धतीने मानावी असा दंडक घातला, तेव्हा या विसंगतीचा मोठा भाग मिटला. मॅक्रोंच्या वेळेचा प्रश्न मात्र केवळ दंडकाने मिटणारा नव्हता.

तो प्रश्न समजण्यासाठी रोज बदलणाऱ्या एखाद्या आकड्याचे उदाहरण घेणे उपयोगी पडते, आणि रावेर तालुक्यातील सावद्याइतके त्याला योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण. केळीच्या बागांनी वेढलेल्या या गावाच्या नावाचे स्थानक भुसावळ–खंडवा लोहमार्गावर आहे आणि तिथून केळी दिल्लीकडे रवाना होत आली आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या पट्ट्यात केळीचा भाव दररोज नव्याने ठरतो, आणि नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाला, म्हणजे नवतीला, एक भाव असतो, तर बुंध्याशी राखलेल्या पिलांपासून आलेल्या पिकाला, म्हणजे पिलबागेला, दुसरा. अशा व्यापाऱ्याच्या हिशेबासाठी इमॅक्समधील लिस्पमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे असे समजावे. त्यात ‘आजचा-भाव’ नावाचे एक चल आहे, ज्यात सकाळी भाव भरला जातो, आणि ‘रक्कम’ नावाचा एक मॅक्रो आहे, जो क्विंटलमधील वजन घेऊन त्याला भावाने गुणणारे विधान तयार करतो.

असा मॅक्रो साच्याच्या साहाय्याने लिहिला जातो. विस्तारात जसाच्या तसा उतरवायचा मजकूर साच्यात मांडला जातो, आणि ज्या नावाच्या जागी त्याची त्या वेळची किंमत भरायची असते त्या नावापूर्वी स्वल्पविराम दिला जातो. मॅक्रोला मिळालेले वजनाचे विधान विस्तारात पोचायला हवे, म्हणून ‘वजन’ या नावापूर्वी स्वल्पविराम आवश्यक आहे. लिहिणाऱ्याने त्याच ओघात ‘आजचा-भाव’ यापूर्वीही स्वल्पविराम दिला, की विस्तारात चलाचे नाव जात नाही, तर विस्तार होताना त्या चलात असलेला आकडा जातो. भाव १२०० असेल तर तयार होणारे विधान ‘वजन गुणिले १२००’ असे होते, आणि भाव हा शब्द त्यात उरतच नाही. मजकुरावरून नजर फिरवणाऱ्याला ही चूक दिसणे अवघड असते, कारण एक स्वल्पविराम योग्य आहे आणि त्याच्या शेजारचा अयोग्य.

हा प्रोग्रॅम इमॅक्सच्या जुन्या आवृत्तीत इंटरप्रिटरने चालवला तर चूक मुळीच जाणवत नाही. तो इंटरप्रिटर मॅक्रोचा उल्लेख असलेल्या ओळीवर दर वेळी नव्याने येतो, दर वेळी नव्याने विस्तार करतो आणि टाकून देतो. त्यामुळे दुपारी भाव बदलला तरी पुढच्या पावतीवर नवा भाव लागतो. २०१३ साली आलेल्या २४.३ या आवृत्तीपासून इमॅक्स फाइल वाचून घेतानाच तिच्यातील मॅक्रोंचा आगाऊ विस्तार करू लागला, आणि या सुधारणेनंतर हाच दोष निराळ्या वेषात दिसतो. फाइल वाचली जाईल त्या क्षणाचा भाव विस्तारात बसतो. रोज सकाळी भाव भरल्यानंतरच हिशेबाची फाइल उघडण्याची शिस्त असेल तर उत्तर बरोबर येते, आणि त्या शिस्तीलाच प्रोग्रॅमची अचूकता समजले जाते. तोच प्रोग्रॅम कंपाइल केला की कंपाइल करण्याच्या दिवशीचा आकडा गोठतो आणि पुढे कितीही दिवस, नवती असो वा पिलबाग, त्याच दराने रक्कम निघत राहते. यातील सर्वांत घातक भाग असा की चाचणी बहुधा कंपाइल करण्याच्या दिवशीच होते, आणि त्या दिवशी तिन्ही पद्धतींचे उत्तर एकच असते. शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम चुकते ती दुसऱ्या दिवसापासून, आणि चूक सापडते ती कोणी पावती हाताने पडताळून पाहिली तर. कंपाइल करताना ‘आजचा-भाव’ हे चल अस्तित्वातच नसेल तर कंपायलर तिथेच थांबतो आणि तक्रार करतो, आणि हे प्रोग्रॅमरचे भाग्यच म्हटले पाहिजे.

त्याच हिशेबातील दुसरा दोष पहिल्याच्या जवळचा असला तरी अधिक फसवा आहे. ‘कोरी-पावती’ हा मॅक्रो विस्ताराच्या वेळी स्वतः एक यादी तयार करतो आणि तीच यादी स्थिर मजकूर म्हणून विस्तारात ठेवतो. नंतर प्रोग्रॅम तिच्यात शेतकऱ्याचे नाव, घडांची संख्या आणि वजन ही माहिती त्याच जागी भरतो. दर वेळी विस्तार करणारा इंटरप्रिटर दर वेळी नवी यादी देतो, म्हणून पावती खरोखरच कोरी असते. कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये विस्तार एकदाच झालेला असतो, यादी एकच असते, आणि दुसऱ्या शेतकऱ्याच्या पावतीत पहिल्याच्या नोंदी तशाच सापडतात. मॅक्रोच्या अंगी विस्ताराखेरीज आणखी काही परिणाम घडवून आणण्याचे सामर्थ्य असेल, तर तो किती वेळा विस्तारला जातो हे महत्त्वाचे ठरते, आणि भाषा त्या संख्येची हमी देत नाही. इमॅक्सच्या लिस्पची संदर्भपुस्तिका हा धोका स्वतंत्र शीर्षकाखाली सांगते. आगाऊ विस्तार करणाऱ्या आवृत्तीत इंटरप्रिटरही येथे कंपायलरप्रमाणेच वागतो, त्यामुळे वर्षानुवर्षे ठीक चाललेला प्रोग्रॅम इमॅक्सची आवृत्ती बदलताच बिघडला अशी तक्रार येऊ शकते, आणि ती तक्रार करणाऱ्याला हे पटवणे जड जाते की प्रोग्रॅम आधीपासूनच चुकलेला होता, फक्त जुना इंटरप्रिटर ती चूक सांभाळून घेत होता. या सगळ्या विषयात हा मुद्दा सर्वांत जास्त लक्षात ठेवण्याजोगा आहे: दोन यंत्रणांची उत्तरे निराळी आली तर कंपायलरचे उत्तर हेच मॅक्रोच्या मजकुराचे खरे वाचन समजून चालावे, आणि इंटरप्रिटरचे बरोबर उत्तर हा योगायोग समजावा, कारण विस्ताराची वेळ आणि अंमलाची वेळ जवळ आल्यामुळेच ते बरोबर आलेले असते.

काळभेदाचा दुसरा मोठा गट फाइलीतील क्रमाशी निगडित आहे. मॅक्रोला त्याच्या कामात मदत करणारे एखादे साधे फलन त्याच फाइलीत मॅक्रोच्या आधी लिहिलेले असते. इंटरप्रिटर फाइल वरून खाली वाचत प्रत्येक व्याख्या तिथल्या तिथे अमलात आणतो, म्हणून मॅक्रोचा विस्तार करायची वेळ येते तेव्हा मदतनीस फलन हजर असते. कंपायलर मॅक्रोची व्याख्या आपल्या उपयोगासाठी लक्षात ठेवतो, पण साध्या फलनाचे तो फक्त भाषांतर करतो, ते चालण्यायोग्य करून ठेवत नाही. परिणामी विस्तार करताना ते फलन सापडत नाही. यावर उपाय म्हणून इमॅक्समध्ये ‘इव्हॅल-अँड-कंपाइल’ आणि कॉमन लिस्पमध्ये ‘इव्हॅल-व्हेन’ ही विधाने आहेत, ज्यांच्या योगे एखादी व्याख्या कंपाइल करताना आणि पुढे चालवताना अशा दोन्ही वेळी हजर ठेवता येते. घाईत कोणी ‘इव्हॅल-व्हेन-कंपाइल’ वापरतो, जे व्याख्या फक्त कंपाइल करताना हजर ठेवते, आणि मग फाइल कंपाइल होऊन प्रत्यक्ष वापरात मात्र तेच फलन नाही म्हणून थांबते. मॅक्रो वापरल्यानंतर खाली कुठेतरी त्याची व्याख्या केली असेल तर उलट प्रकार होतो: कंपायलर त्या उल्लेखाला साध्या फलनाचे आवाहन समजून तसे भाषांतर करून ठेवतो आणि प्रोग्रॅम चालताना ‘अवैध फलन’ अशी तक्रार येते, तर इंटरप्रिटर त्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत व्याख्या वाचून झालेली असल्यामुळे त्याला काही अडचण येत नाही.

मॅक्रोच्या आतच ‘इव्हॅल’ बोलावणे, म्हणजे आलेल्या विधानाची किंमत विस्ताराच्या वेळीच काढणे, हा याच गटातील दोष आहे, आणि त्याचे वेगळे विवेचन फार लांबवण्याची गरज नाही. कंपाइल करताना प्रोग्रॅमची स्थानिक चले जन्मालाही आलेली नसतात, त्यामुळे त्यांची किंमत विचारणे निरर्थक असते.

चलांच्या व्याप्तीचा जुना प्रश्नही पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. इमॅक्सच्या लिस्पला २०१२ सालच्या २४.१ या आवृत्तीत शब्दबद्ध व्याप्तीची सोय मिळाली. शब्दबद्ध व्याप्ती म्हणजे चल जिथे लिहिले तेवढ्याच मजकुराच्या कक्षेत ते दिसावे असा नियम, आणि त्याच्या उलट गतिमान व्याप्तीत प्रोग्रॅम चालताना बांधलेली किंमत बोलावलेल्या सर्व फलनांना दिसते. एखादे चल गतिमान आहे हे त्याच्या घोषणेवरून ठरते. आता एखादा मॅक्रो विस्तारात दुसऱ्या पॅकेजमधील गतिमान चलाला तात्पुरती किंमत बांधत असेल, आणि कंपाइल करताना ते पॅकेज वाचलेलेच नसेल, तर कंपायलरला ती घोषणा माहीत नसते, तो त्या चलाला शब्दबद्ध समजतो, आणि बांधलेली किंमत त्या पॅकेजमधील फलनांपर्यंत पोचत नाही. इंटरप्रिटरमध्ये मात्र पॅकेज आधीच वाचलेले असल्यामुळे सगळे सुरळीत चालते. १९६२ साली ‘स्पेशल’ची घोषणा विसरणाऱ्या प्रोग्रॅमरला जे भोगावे लागत होते, ते येथे जसेच्या तसे पुन्हा समोर येते. कंपायलर अशा वेळी ‘न वापरलेले शब्दबद्ध चल’ अशी सूचना देतो, आणि ती बहुधा किरकोळ समजून सोडून दिली जाते.

यावरून दोषशोधाची दिशा ठरते. कंपायलरच्या सूचना सर्वांत आधी वाचाव्यात, आणि त्या प्रोग्रॅमरच्या नेहमीच्या सत्रात न वाचता पूर्णपणे नव्या सत्रात वाचाव्यात; तासन्तास चालू असलेल्या सत्रात सगळी मदतनीस फलने, सगळी पॅकेजे आणि आजचा भाव आधीच हजर असतो, आणि हीच हजेरी दोष लपवते. इमॅक्समध्ये कोणतीही वैयक्तिक मांडणी न वाचता बॅच पद्धतीने एकच फाइल कंपाइल करण्याची सोय आहे, आणि जो दोष तिथे दिसत नाही तो खरोखरच नाही असे मानायला काही आधार मिळतो. त्यानंतर ‘मॅक्रोएक्सपांड’ हे फलन संशयित विधानावर चालवून विस्तार डोळ्यांनी पाहावा. ‘रक्कम’ या मॅक्रोच्या विस्तारात चलाच्या नावाऐवजी १२०० हा आकडा दिसला, की पुढच्या तपासाची गरजच उरत नाही. विस्तार पाहूनही शंका राहिली तर कंपाइल झालेल्या फलनाचे ‘डिसअसेंबल’ करून त्यातील स्थिरांकांची यादी तपासावी. गोठलेला भाव तिथे उघडाच पडलेला असतो. विस्तार किती वेळा आणि केव्हा होतो हे कळायचे असेल तर मॅक्रोच्या शरीरात, साच्याच्या बाहेर, एक संदेश छापण्याचे विधान ठेवावे. तो संदेश कंपाइल करताना एकदा, फाइल वाचताना एकदा, की प्रत्येक पावतीला एकदा उमटतो, यावरून काळाचा हिशेब कागदावर न मांडताही कळतो. हे साधन साधे आहे, परंतु याइतके विश्वासार्ह दुसरे नाही, आणि विद्यार्थ्याने दोष नसलेल्या मॅक्रोवरही ते एकदा वापरून पाहावे.

भाषेच्या रचनेतूनच हा काळभेद आवरण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न स्कीमच्या कुळात झाला. मॅथ्यू फ्लॅट यांनी २००२ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलला त्याला लागणारी साधने अंमलाच्या वेळी हवीत की विस्ताराच्या वेळी हवीत हे स्पष्ट लिहावे लागते, आणि प्रत्येक मॉड्यूल कंपाइल करताना विस्तारकाळाची चले नव्याने, कोऱ्या अवस्थेत तयार केली जातात; त्यामुळे आधीच्या सत्रात राहून गेलेली किंमत चुकूनही हाती येत नाही. पुढे रॅकेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषेत ही पद्धत रुजली. तिथे ‘केव्हा’ हा प्रश्न प्रोग्रॅमरला टाळता येत नाही, आणि सुरुवातीला हे जाचक वाटते. तथापि सावद्याच्या हिशेबातील गोठलेला भाव अशा भाषेत लिहायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतील, हे या जाचाचे मोल आहे. इमॅक्स आणि कॉमन लिस्प यांनी मोकळीक राखली आणि जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोपवली. या दोन्ही भूमिकांना आपापली कारणे आहेत, पण शिकणाऱ्यासाठी पहिली अधिक हितकर आहे.

दोष सापडून मॅक्रो दुरुस्त केल्यानंतरची एक अवस्था येथे नोंदवणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळदा दुरुस्ती करूनही प्रोग्रॅम जुनेच उत्तर देतो आणि दुरुस्तीवरचाच विश्वास उडतो. मॅक्रोचा विस्तार त्याच्या स्वतःच्या फाइलीत राहत नाही, तो वापरणाऱ्या प्रत्येक फाइलीच्या कंपाइल झालेल्या रूपात उतरलेला असतो. मॅक्रोची फाइल पुन्हा कंपाइल केली तरी पावत्यांच्या, आवकेच्या आणि खात्याच्या फाइलींत जुना विस्तार तसाच राहतो, आणि त्या फाइलींचा मूळ मजकूर बदललेला नसल्यामुळे त्यांच्या तारखांवरूनही काही कळत नाही. वेगळे काही सांगितले नसल्यास इमॅक्स मूळ फाइल नवी असली तरी जुनी कंपाइल झालेली फाइलच वाचतो आणि तसे एका ओळीत सांगून पुढे जातो. कॉमन लिस्पमध्ये एएसडीएफसारखे साधन कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे ध्यानात घेऊन अवलंबून असलेल्या सर्व फाइली पुन्हा कंपाइल करते. अशी व्यवस्था नसेल तिथे मॅक्रोत बदल केल्यावर कंपाइल झालेल्या सर्व फाइली काढून टाकाव्यात, सत्र बंद करावे आणि संपूर्ण प्रोग्रॅम पहिल्यापासून नव्या सत्रात कंपाइल करून मगच पुन्हा पावती काढून पाहावी.